घरबांधणीचे तंटे आणि कोर्टखर्चाचा विमा

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात; आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असेही म्हणतात. वाडवडिलांनी या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगून ठेवल्या. परंतु स्वतःचे घर बांधायला निघालेल्या माणसाला पहिल्या म्हणीचा प्रत्यय घेता घेता दुसरी मोडण्याची पाळी केव्हा येईल, याचा नेम नसतो. जोत्यापर्यंत गोड बोलणारा ठेकेदार स्लॅब पडल्यावर वाढीव दर मागतो. कुंपण घालायला घेतले की शेजारी हद्दीवर बोट ठेवतो. जमिनीच्या मूळ मालकाचा कोणी दूरचा वारस ऐन वेळी उगवतो. भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि बँकेचे कर्ज अशी सारी पुंजी त्या चार भिंतींत ओतलेली असते, आणि वकिलाच्या पायऱ्या झिजवायला नेमके त्याच वेळी खिशात काही उरलेले नसते.

अशा स्थितीत एक प्रश्न सहज सुचतो, आणि तो अलीकडे विचारलाही जातो. आपण आयुष्याचा विमा उतरवतो, मोटारीचा उतरवतो, आजारपणाचा उतरवतो. मग घर बांधताना उद्भवणाऱ्या कोर्टकज्जांच्या खर्चाचाच विमा का असू नये? वर्षाला ठरावीक हप्ता भरावा आणि तंटा उपस्थित झालाच तर वकिलाची फी, कोर्टाचा आकार आणि तज्ज्ञाच्या अहवालाचा खर्च विमा कंपनीने सोसावा. वरवर पाहता ही कल्पना न्याय्य वाटते. कायदा आपल्या बाजूचा असूनही केवळ खर्चाच्या धास्तीने मूग गिळून बसणारी माणसे थोडी नाहीत. बिल्डरच्या पदरी वकील असतो आणि घरमालक एकटा असतो. ही विषमता विम्याने दूर होत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण ती खरोखर दूर होते काय?

जिथे हा विमा रुजला तिथले चित्र

भारतात हा विमा सर्वसामान्यांच्या बाजारात अद्याप रुजलेला नाही. डॉक्टरांचा किंवा कंपनी संचालकांचा दायित्व विमा असतो व त्यात बचावाचा खर्च धरलेला असतो; परंतु गृहस्थाच्या हाती कोर्टखर्चाची स्वतंत्र पॉलिसी क्वचितच दिसते. म्हणून ज्या देशात हा विमा घरोघर पोचला आहे, त्या जर्मनीकडे पाहणे इष्ट ठरेल. तिथे लाखो कुटुंबे असा विमा बाळगून असतात. नोकरीतील तंटे, वाहन अपघात, घरमालक-भाडेकरूंचे वाद यांसाठी त्याचा उपयोगही होतो.

आता याच विम्याच्या सर्वसाधारण अटी घरबांधणीच्या दृष्टीने वाचू लागावे, तो आश्चर्याचा धक्का बसतो. बांधकामासाठी भूखंडाची खरेदी वा विक्री, इमारतीचे नियोजन वा उभारणी, परवानगी लागेल असा तिच्यातील फेरबदल आणि या साऱ्यासाठी काढलेले कर्ज, यांतून उद्भवणारे तंटे प्रचलित नमुना अटींनी विम्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. शिवाय अनेक प्रकारच्या वादांना पॉलिसी घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा असते. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला तिथे पाणी मिळत नाही. घर बांधताना कोर्टखर्चाचा विमा घ्यावा काय, या प्रश्नाला त्या विम्याच्या माहेरघरीच मिळणारे उत्तर असे आहे: विमा अवश्य घ्या, मात्र घरबांधणीपुरता तो आपल्याला नाही असे समजा. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक होऊन घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही ही अट आधी वाचावी, हे बरे.

विमा कंपन्या का कचरतात?

याला कंपन्यांचा नफेखोरपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण कारण त्याहून खोल आहे. विमा ज्या पायावर उभा राहतो तो पायाच इथे नाही. आगीचा विमा चालतो, कारण हजार घरमालक वर्षानुवर्षे हप्ता भरतात आणि त्यांतील एखाद्याच्याच घराला आग लागते. घर मात्र बहुतेक माणसे आयुष्यात एकदाच बांधतात. बांधकामाच्या तंट्याचा विमा ते त्याच दोन वर्षांत घेतील, आधी नाही आणि नंतरही नाही. हप्ता भरणारे आणि संकटाच्या तोंडाशी उभे असणारे लोक एकच झाले, म्हणजे जोखीम वाटून घ्यायला कोणी उरत नाही. मग हप्ता इतका चढवावा लागेल की त्यापेक्षा वकिलाची फी परवडली.

दुसरे असे की, आग विमेदाराच्या इच्छेने लागत नाही. बांधकामाचा तंटा मात्र बऱ्याच अंशी त्याच्याच निर्णयांतून जन्माला येतो. सर्वांत कमी दराचा ठेकेदार निवडणे, तोंडी बोलीवर काम सोपवणे, मंजूर नकाशा बाजूला सारून एक खोली वाढवणे, हे सारे त्याच्या हातचे असते. उद्या खर्च कंपनी देणार असे ठाऊक असेल तर आज करार लिहून घेण्याची दगदग कोण करील?

तिसरे कारण आपल्या देशाला विशेष लागू पडते. जर्मनीत दाव्याच्या रकमेनुसार वकिलाची फी आणि कोर्टाचा आकार कायद्याच्या कोष्टकाने ठरतो, आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा असा नियम आहे. खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो म्हणून विमा कंपनीला हप्ताही ठरवता येतो. आपल्याकडे पक्षकार प्रत्यक्षात देतो ती फी आणि हुकूमनाम्यात धरली जाते ती फी यांत मोठे अंतर असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ प्रमाणे खोट्या व त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई म्हणून देववायच्या रकमेची कमाल मर्यादा आजही अवघी ३,००० रुपये आहे. खर्च हा वास्तव आणि वाजवी असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात २००५ मध्ये सांगितले. पण व्यवहारात त्याचा प्रत्यय क्वचितच येतो. ज्या खर्चाचे माप नाही आणि जो जिंकूनही परत मिळत नाही, त्याचा हप्ता कोणी कसा मोजावा?

खरी अडचण फीची नाही

आता आपल्या दाराशी येऊ. कोर्टखर्चाची भीती खरी आहे. दिवाणी दाव्यात रकमेच्या प्रमाणात भरावी लागणारी कोर्ट फी तर मध्यमवर्गीयाला जड जाते. परंतु घराच्या तंट्यांसाठी गेल्या काही दशकांत स्वस्त दरवाजेही उघडले आहेत. लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने 'सेवा' असल्याचे निर्विवाद केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती तरतूद कायम आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वीस ते पन्नास लाखांच्या व्यवहाराला ती अवघी एक हजार रुपये आहे. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. सदनिका घेणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून स्थावर संपदा प्राधिकरण, म्हणजे महारेरा, काम करीत आहे. तिथे तक्रारीची फी पाच हजार रुपये ठेवण्यात आली, आणि २०१८ पासून ग्राहक संघटनांच्या सहभागाने सलोखा मंचही चालतो. घर स्त्रीच्या नावावर असेल आणि दावा तिला करावयाचा असेल, तर १९८७ च्या विधिसेवा कायद्याने तिचे उत्पन्न न पाहता तिला मोफत वकील मिळू शकतो. ही तरतूद किती घरांत ठाऊक आहे?

इतके असूनही माणूस हरतो तो फीमुळे नव्हे, तर पुरावा आणि वेळ यांच्या कात्रीत सापडून. गच्ची गळते आहे हे सिद्ध करायचे तर ती गळती ठेवावी लागते. आणि दुरुस्त करावी तर पुरावा नाहीसा होतो. ग्राहक कायद्याने तक्रार तीन महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकालात काढण्याचे बंधन घातले आहे. प्रत्यक्षात वर्षे जातात. तोवर बँकेचा हप्ता आणि राहत्या जागेचे भाडे दोन्ही चालू राहतात. निकाल हाती आल्यावरही वसुलीचा टप्पा उरतोच. महारेराने दिलेला वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल व्हायचा असतो, पण बिल्डरच्या नावावर काही उरलेच नसेल तर दाखला कागदच राहतो. कोर्टखर्चाचा विमा यांतील एकाही गोष्टीवर इलाज नाही. तो लढाईचा खर्च देईल; घर देणार नाही.

मूळ कागदच खोटा असेल तर लढाईचा खर्च मिळूनही उपयोग होत नाही. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत मंजुरीपलीकडे चढवलेले मजले १९८० च्या दशकात उभे राहिले. तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे, वरच्या कोर्टापर्यंत झुंज दिली. २०१३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदा असल्यावर शिक्कामोर्तब केले. वकील कमी पडले म्हणून ते हरले नाहीत. मजल्यांना परवानगीच नव्हती. ही गोष्ट घर घेण्यापूर्वी नकाशाच्या एका प्रतीवरून कळण्याजोगी होती.

पैसा कोणाच्या खिशात?

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडू. समजा, एका निवृत्त शिक्षकाने स्वतःच्या भूखंडावर साहित्यासह चाळीस लाखांच्या ठेक्यावर घर बांधले. राहायला गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात गच्ची पाझरली आणि दुरुस्तीचा अंदाज तीन लाख निघाला. ठेकेदाराला पूर्ण रक्कम चुकती झाली असेल तर शिक्षकाने अभियंत्याचा अहवाल घ्यायचा, नोटीस द्यायची, ग्राहक आयोगात जायचे आणि तीन लाखांसाठी वर्षे घालवायची. विमा असता तरी हेलपाटे त्यालाच होते. उलट, करारात पाच टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट असती, तर दोन लाख रुपये त्याच्या हाती असते. मग गच्चीवर धावत कोण आला असता, आणि कोर्टात जाण्याची गरज कोणाला पडली असती? कोर्टाची पायरी कोणाला चढावी लागते हे तंट्याच्या दिवशी पैसे कोणाच्या खिशात आहेत यावर ठरते. विम्याची पॉलिसी ही स्थिती पालटत नाही. कराराचे एक कलम पालटते.

ही केवळ व्यवहारचातुर्याची गोष्ट नाही. ज्या जर्मनीत कंपन्यांनी बांधकामाच्या तंट्यांकडे पाठ फिरवली, तिथे कायद्याने नेमकी हीच बाजू सांभाळली आहे. १ जानेवारी २०१८ पासून तिथल्या नागरी संहितेत गृहस्थाच्या घरबांधणी कराराचे स्वतंत्र प्रकरण आहे. कामाचे तपशीलवार वर्णन आधी लेखी दिले पाहिजे. सर्वसाधारणपणे चौदा दिवसांत कराराबाहेर पडता येते. काम स्वीकारण्यापूर्वी ठेकेदाराला एकूण रकमेच्या नव्वद टक्क्यांहून अधिक मागता येत नाही, आणि पहिल्या हप्त्याबरोबरच पाच टक्क्यांची हमी त्याने द्यायची असते.

फ्रान्सने दुसरी वाट धरली. तिथे ४ जानेवारी १९७८ च्या कायद्याने बांधणाऱ्यांवर दहा वर्षांच्या दायित्वाचा विमा सक्तीचा केला, आणि काम सुरू होण्यापूर्वीच घरासाठी वेगळा नुकसानविमा घेण्याची तरतूद केली. गंभीर दोष आढळला, तर कंपनीने साठ दिवसांत आपली भूमिका कळवायची आणि नव्वद दिवसांत भरपाईचा देकार द्यायचा असतो. आधी घर दुरुस्त होते. दोष कोणाचा याचा वाद कंपन्या मागाहून आपसांत घालतात. त्याचा हप्ता हलका नसतो, आणि स्वतःसाठी घर बांधणारे काही जण तो चुकवतात, हेही खरे. तरीही ही व्यवस्था विमा उतरवते तो भिंतीचा, भांडणाचा नव्हे. दोन विम्यांतील हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आपल्या कायद्यातील पोकळी

आपल्याकडे या दोन्ही गोष्टींची बीजे आहेत, पण ती अर्ध्या शेतात पेरली आहेत. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाल्यास बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. जमिनीच्या मालकी हक्कात खोट निघाली तर भरपाईच्या दाव्याला मुदतीचेही बंधन नाही. कलम १६ मध्ये जमिनीच्या हक्काचा आणि बांधकामाचा विमा बिल्डरने उतरवावा अशी तरतूद २०१६ पासून आहे. मात्र ती राज्य सरकारच्या अधिसूचनेवर अवलंबून ठेवली असल्याने अशी पॉलिसी खरेदीदाराच्या हाती क्वचितच पडते. आणि ५०० चौरस मीटर किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना नोंदणीच लागत नाही. स्वतःच्या भूखंडावर ठेकेदार लावून घर बांधणारा तर या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. नाशिक, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांच्या कडेला आणि तालुक्यांच्या गावी अशी घरे रोज उठत आहेत. त्यांच्या मालकांच्या हाती १८७२ चा करार कायदा, ग्राहक आयोग आणि ठेकेदाराचा शब्द, एवढेच साधन उरते.

तेव्हा घर बांधू पाहणाऱ्याने काय करावे? हप्त्याला लागणारा पैसा त्याने पाया खणण्यापूर्वी खर्च करावा. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा, आणि सातबारा व फेरफार स्वतः वाचावेत. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दीची मोजणी करून घ्यावी. शेजाऱ्याशी होणारा निम्मा वाद तिथेच मिटतो. तुकडेबंदीत अडकलेला गुंठा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. ठेकेदाराशी करार योग्य मुद्रांकावर लेखी करावा. त्यात साहित्याचा दर्जा, टप्पे, प्रत्येक टप्प्याची रक्कम, विलंबाची भरपाई आणि राखीव रक्कम नमूद असावी. ठेकेदाराशी लागेबांधे नसलेला अभियंता जोते, स्लॅब आणि गच्ची या तीन वेळी तरी बोलवावा आणि त्याचा अहवाल छायाचित्रांसह जपावा. उद्या तंटा झालाच तर हाच पुरावा बोलतो. बांधकाम चालू असताना अपघाती नुकसानीचा, म्हणजे कंत्राटदाराचा सर्व-जोखीम विमा घेण्याजोगा आहे. पण सदोष कामाची दुरुस्ती त्यात मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. कोर्टखर्चाची पॉलिसी उद्या कोणी घेऊन दारी आलाच, तर त्याला एकच विचारावे: घरबांधणीचे तंटे यात आहेत, की वगळले आहेत? आणि उत्तर लेखी घ्यावे.

सरकारकडे मागायचे ते याहून मोठे आहे. सदनिकेच्या विक्रीकराराचा नमुना महाराष्ट्राने रेराच्या नियमांबरोबर ठरवून दिला. तसाच नमुना स्वतःचे घर बांधणाऱ्या आणि त्याच्या ठेकेदाराच्या करारालाही द्यावा. त्यात राखीव रकमेचे कलम अनिवार्य करावे, आणि बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत तो जोडायला सांगावे. त्याला तिजोरीतून फारसा पैसा लागत नाही. रेराच्या कलम १६ चा विमा अमलात आणण्यासाठी तर नवा कायदाही नको, अधिसूचनेचा एक कागद पुरे आहे. जोते तपासणीसाठी येणारा नगरपालिकेचा माणूस प्रत्यक्ष जोत्यापर्यंत येतो की नाही, हेही कोणी तरी तपासले पाहिजे. निवृत्त शिक्षकाची पुंजी वाचायची असेल तर ती त्याने ठेकेदाराच्या हाती देण्यापूर्वीच वाचवावी लागेल. एकदा ती भिंतीत गेली की मग वकील कितीही मोठा असो आणि त्याची फी कोणीही देवो, भिंत तीच राहते.